बोलता येईल इतकंच धावा

हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या चमनापाशी पहाटे साडेपाचला दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरत असतात, काचीगुड्याकडून गाडीची शिटी ऐकू येते आणि फिरायला निघालेली मंडळी एकेक करून जमू लागतात. त्यांच्यात अधूनमधून एखादा नवा चेहरा दिसतो. कोरे करकरीत बूट, मनगटावर घड्याळ, चेहऱ्यावर निश्चय. तो एकदम सुटतो. पहिलं वळण झोकात घेतो, दुसऱ्यावर पाय जड होतात आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून धापा टाकत उभा राहतो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात. चौथ्या दिवशी गजर बंद करून तो कूस बदलतो. महिन्याभरात बूट मांडणीच्या खालच्या फळीवर जातात आणि घरात एक वाक्य पक्कं होतं: "आपल्याला नाही बाबा जमत धावायला."

जमत सगळ्यांना असतं. बहुतेकांची गडबड होते ती वेगात. शाळेत धावणं म्हणजे शंभर मीटरची शर्यत, शिट्टी आणि पहिला नंबर, एवढंच शिकलेलं असतं. चाळिशीत तोच माणूस रस्त्यावर उतरतो तेव्हा अंग चाळिशीचं आणि डोक्यातला वेग सातवीतला. मग धावणं म्हणजे शिक्षा वाटू लागते, आणि शिक्षा रोज स्वतःहून भोगायला कोण उठणार? हौशी धावकाने म्हणूनच आधी निर्धाराच्या मागे लागू नये, गोडी कशी लागेल ते पाहावं. गोडी लागायची तर गती उतरवायला हवी.

किती उतरवायची याचं माप सोपं आहे. धावता धावता शेजारच्याशी पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. "कालची भाजी छान झाली होती, उरली असेल तर डब्यात देशील का?" एवढं एका दमात, न अडखळता निघालं तर वेग बरोबर आहे. "कालची... भाजी..." असं तुटक येऊ लागलं की गती कमी करावी, नाहीतर सरळ चालावं. एकटं असेल त्याने मारुतिस्तोत्र पुटपुटून पाहावं. कडवं म्हणता येतंय, पण चालीवर गाता येत नाही, तो वेग नवख्याचा.

हे माप पैशांचं किंवा यंत्रांचं नाही, आणि नवंही नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ऑलिंपिकचे विजेते घडवत होते, तेव्हाच ऑकलंडमध्ये साध्या, पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या माणसांना ते अशाच गप्पांच्या वेगाने धावायला लावत. 1962 च्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑरेगनचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे गेले. लिडियार्ड त्यांना एका रविवारी आपल्या गटाबरोबर घेऊन निघाले. दुसऱ्यांना पळवण्यात हयात घालवलेला हा पन्नाशीतला माणूस स्वतः मात्र लवकरच मागे पडला, आणि सत्तरीपलीकडचे एक गृहस्थ त्याच्या सोबतीसाठी मागे थांबून गप्पा मारत धावत राहिले. बॉवरमन परतले ते हीच गोष्ट आपल्या गावातल्या लोकांना शिकवायला. 1967 साली एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी जॉगिंगवर छोटं पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेतली सामान्य माणसं रस्त्यावर धावू लागली.

गप्पांच्या वेगाला शरीरशास्त्राचाही आधार सापडला आहे, आणि त्यातला एक धागा मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेकूलम यांच्या प्रयोगशाळेने 1992 मध्ये मेंदूत तयार होणारं एक रसायन वेगळं काढलं. त्याचं नाव ठेवताना शास्त्रज्ञ संस्कृतकडे वळले आणि 'आनंद' या शब्दावरून ते 'आनंदमाइड' झालं. धावल्यावर मन हलकं होतं ते एंडॉर्फिनमुळे, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. पण जर्मनीत हॅम्बुर्गला 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊनही धावणाऱ्यांना तो हलकेपणा जाणवलाच. संशयाचं बोट आता आनंदमाइडच्या कुळाकडे आहे. त्याच्याही आधी, 2013 च्या एका अभ्यासात दिसलं होतं की मध्यम वेगाने धावल्यावर या रसायनांचं रक्तातलं प्रमाण स्पष्ट वाढतं. रमतगमत चालल्याने ते तसं वाढलं नाही, आणि छाती फुटेस्तोवर धावल्यानेही नाही. चमनाला दोन फेऱ्या जीव खाऊन मारणारा नेमका तिथेच फसतो. कष्ट सगळे करतो आणि ज्यासाठी करायचे ते हाती येत नाही.

सुरुवात कशी करावी, याला एक चांगला नमुना आहे. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने 1996 साली, आपल्या आईलाही पेलेल असा, नऊ आठवड्यांचा क्रम आखला. 'काउच टू फाइव्ह के' या नावाने तो जगभर गेला. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग 60 सेकंद हळू धावायचं आणि 90 सेकंद चालायचं, असं आलटूनपालटून 20 मिनिटं. धावण्याचे तुकडे पुढे थोडे थोडे वाढतात आणि नवव्या आठवड्यात माणूस सलग अर्धा तास धावतो. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा, त्यात कमीपणा नाही. नवाचे चौदा आठवडे झाले तरी पोचायचं ठिकाण तेच आहे.

यातलं चालणं अनेकांना लाजिरवाणं वाटतं. ओळखीचं कोणी समोरून आलं की चालणारा एकदम धावू लागतो! तसं करू नये. चालण्याचं ते दीड मिनिट श्वास जागेवर आणतं आणि पुढचा तुकडा हवाहवासा करतं. आणखी थोडं धावता आलं असतं असं वाटत असतानाच थांबणं फार मोलाचं आहे, कारण परवा पहाटे उठवते ती हीच शिल्लक राहिलेली इच्छा.

उठण्याबद्दल. सवय 21 दिवसांत लागते असं सर्रास सांगितलं जातं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा माग काढला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला काळ 66 दिवसांचा निघाला. कोणाला 18 दिवस पुरले, कोणासाठी हिशेब 254 पर्यंत गेला. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. तेव्हा मंगळवार हुकला म्हणून आठवडा सोडू नये. रात्री मोजे बुटात घालून बूट दाराशी ठेवावेत, किल्ली शर्टाच्या खिशात घालावी, म्हणजे पहाटे झोपेच्या गुंगीत काही शोधावं लागत नाही. आणि मनाशी ठरवावं ते 'पाच किलोमीटर' असं नाही, 'चमनापर्यंत' एवढंच. चमनापर्यंत आलेला माणूस सहसा तसाच माघारी जात नाही.

गोडीला थोडं आमिष दाखवायलाही हरकत नाही. अमेरिकेत केटी मिल्कमन यांनी एक प्रयोग केला. खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रणं काही जणांना फक्त व्यायामशाळेतच ऐकायला दिली. त्यांच्या फेऱ्या सुरुवातीला चांगल्याच वाढल्या, पण मध्ये मोठी सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. आवडतं नाट्यसंगीत किंवा एखादी लांबलचक बोलकी कादंबरी फक्त धावतानाच ऐकायची असं ठरवावं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी रुळावरून घसरणार हे गृहीत धरून पुन्हा सुरुवातीचा दिवस आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवावा. एक कान मात्र मोकळा हवा. आपल्या रस्त्यांवर दोन्ही कान बंद करून धावणं धोक्याचं आहे.

रस्त्यांचा प्रश्न खरा आहे. फूटपाथवर कुठे फरशी उचकटलेली, कुठे दुचाकी लावलेली, कुठे डीपीचा खांब. त्यामुळे बरकतपुऱ्यात धावायचं म्हणजे उजेड पडण्याच्या सुमाराला, वाहनं वाढण्याआधी. रस्त्याच्या उजव्या कडेने धावावं, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. कपडे फिके असावेत. भटकी कुत्री जमलेली दिसली तर पळू नये. चालावं, नजरेला नजर न देता शांतपणे पुढे जावं. पळणाऱ्यामागे ती लागतात, चालणाऱ्यात त्यांना फारसा रस नसतो. आणि पहिले दोन-तीन आठवडे घराजवळच्याच फेऱ्या ठेवाव्यात. दमलं तर घर पाच मिनिटांवर आहे, हा आधार मोठा असतो.

एकाच फेरीचा कंटाळा येऊ लागला की समजावं, आता अंगात थोडं बळ आलंय, आणि जरा लांब जावं. या बाबतीत बरकतपुरा नशीबवान आहे. एका बाजूला तीन-चार किलोमीटरवर उस्मानिया विद्यापीठ. झाडांच्या सावलीतले रस्ते, हलकेसे चढउतार आणि शेवटी समोर उभी राहणारी आर्ट्स कॉलेजची गुलाबी दगडांची इमारत. 1939 मध्ये तिचं उद्घाटन झालं. कोवळं ऊन तिच्या कमानीवर पडतं त्या वेळी तिथे पोचणं हे आठवड्याचं बक्षीस म्हणून राखून ठेवावं. आवारातल्या प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते मात्र आधी विचारून घ्यावेत. दुसऱ्या बाजूला नारायणगुडा, न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाची केशव मेमोरियल शाळा, हिमायतनगर, लिबर्टी, आणि मग टँकबंद. बंधाऱ्यावरचे पुतळे ओळीने मागे पडत जातात आणि हुसेनसागर तलावाच्या मध्यावर 1992 साली उभा केलेला एकसंध दगडातला बुद्ध सोबतीला राहतो. नवख्याने जाताना धावावं आणि येताना बसने किंवा रिक्षाने यावं. दोन्ही बाजूंनी धावलंच पाहिजे असा काही नियम नाही.

एकट्याने टिकणं अवघड, सोबतीने सोपं. कोपऱ्यावर कोणी वाट बघतंय म्हटल्यावर पांघरूण बाजूला सारलं जातंच. हैदराबादेत तशी सोय आहे. 2007 पासून काम करणारी हैदराबाद रनर्स ही संस्था नवख्यांसाठी 'काउच टू फाइव्ह के'चे गट चालवते आणि त्यात शिकवणारे स्वतः हौशी धावक असतात. पण सोबत शोधायला संस्थाच हवी असं नाही. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गणेशोत्सवाला, हळदीकुंकवाला भेटणाऱ्या मंडळींतून चौघीजणी सहज निघतील. बायकांच्या बाबतीत तर सोबत ही आधी सुरक्षिततेची गोष्ट आहे. अंधारात एकटीने बाहेर पडायला कचरणाऱ्या तिघी एकत्र निघाल्या की रस्ता त्यांचा होतो. सोबत निवडताना एकच पाहावं: तिचा वेग आपल्याएवढा किंवा कमी असावा. जोरात धावणाऱ्या मित्रामागे फरफटत गेलेला नवखा पंधरा दिवसांत घरी बसतो.

घरात बसायला लावणारी दुसरी गोष्ट म्हणजे "गुडघे झिजतील" हा धाक. तो वडीलधाऱ्यांकडून येतो आणि प्रेमापोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावं. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा खुबा आणि गुडघ्याची झीज हौशी धावकांमध्ये 3.5 टक्के लोकांना आढळली, बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्क्यांना, आणि व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये 13.3 टक्क्यांना. धावल्यानेच गुडघे सुधारतात असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांचे सांधे मुळात चांगले तेच धावत राहतात, हेही शक्य आहे. पण बेताने धावणाऱ्याचे गुडघे हमखास जातात, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

दुखापती मात्र होतात, हे लपवू नये. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवख्यांवर झालेल्या एका अभ्यासात दर पाचांमागे एकाला काही ना काही दुखापत झाली. अंतर आठवड्याला दहा टक्क्यांनीच वाढवायचं, हा लोकप्रिय नियम पाळणाऱ्या गटातही प्रमाण तेवढंच निघालं. म्हणजे सूत्रापेक्षा स्वतःच्या पायाचं ऐकणं भाग आहे. स्नायू भरून येणं दोन दिवसांत ओसरतं. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल अशी दुखरी जागा, लंगडायला लावणारी कळ, धावताना वाढत जाणारं दुखणं, यापैकी काही असेल तर थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी सुरुवातीलाच तपासून घ्यावं. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर त्या दिवशी कसलाही हट्ट नको.

बुटांवर लोक गरजेपेक्षा जास्त विचार करतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, टाचेला घट्ट, आणि दुकानात चार पावलं पळून पाहिल्यावर कुठे बोचत नाही, एवढं पुरे. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात.

हैदराबादचं हवामान धावकाला तसं साथ देतं. शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा सुरेख. सूर्य मात्र तेव्हा साडेसहा-पावणेसातच्या सुमाराला उगवतो, तर जूनच्या सुरुवातीला पावणेसहाच्याही आत. घड्याळ बदलत राहावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत गती विसरून जावी, सहाच्या आत परत यावं, आणि आल्यावर लिंबू, मीठ, साखरेचं पाणी किंवा ताक घ्यावं. उन्हाळ्यात वेळ घसरली म्हणून खंतावणारे पुष्कळ दिसतात. त्यांनी जून-जुलैची एखादी सर आल्यावर त्याच रस्त्यावर त्याच श्रमात धावून पाहावं. पाय कुठेही गेलेले नसतात, अडथळा उन्हाचा होता.

प्रेरणेच्या गोष्टी निघाल्या की बारामतीच्या लता भगवान करे यांचं नाव येतंच. साठी ओलांडलेल्या या बाईंनी पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यत धावली आणि जिंकली. त्यांच्यावरचा मराठी चित्रपट तेलुगु दिग्दर्शक नवीन देशबोइना यांनी केला, त्यात लताबाईंनी स्वतःची भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. एके काळी निजामाच्या राज्यात असलेल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, धावत जायचा. पुढे तो स्टीपलचेसमध्ये भारताचा सर्वांत वेगवान धावक झाला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवलं. दोन्ही गोष्टी ऐकून ऊर भरून येतो. पण त्या गरजेच्या गोष्टी आहेत. दोघांपुढेही पर्याय फार नव्हते. ज्याच्याकडे पर्याय आहे, त्याने त्यांचा वसा घेऊन स्वतःवर जबरदस्ती करण्यात त्यांचा सन्मान नाही आणि स्वतःचं भलंही नाही. आपलं कारण आपल्या मापाचं असावं. झोप चांगली लागते, साखर आटोक्यात राहते, मुलीबरोबर अर्धा तास मिळतो, सकाळी इडलीची चव जास्त लागते. इतकं साधं कारण वर्षानुवर्षं पुरतं.

सहा महिन्यांत स्पर्धेचा मोह होतोच. हैदराबाद मॅरेथॉन ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यांत असते आणि तिच्या मार्गात उड्डाणपूल नि चढ भरपूर आहेत. दमट हवा असते ती वेगळीच. पहिल्या वर्षी पाच किंवा दहा किलोमीटरमध्येच उतरावं. रस्ते आपल्यासाठी मोकळे झालेत, अनोळखी लोक टाळ्या वाजवताहेत, ढोल वाजतोय, हा अनुभव त्यातही पुरेपूर मिळतो. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू घ्यावा. सगळे पुढे जातील, जाऊ द्यावेत. त्यांतले बरेच जण सातव्या किलोमीटरला पुन्हा भेटतात.

स्पर्धेनंतरच्या आठवड्याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. पदक खिळ्याला लटकतं आणि आत एकदम रितं वाटतं. आता कशासाठी उठायचं? हौशी धावकांची मोठी गळती इथेच होते. त्यावर उपाय म्हणजे पुढचे पंधरा दिवस घड्याळ घरी ठेवून धावणं. किती, कोणत्या वेगाने, कोणापेक्षा पुढे, यांतलं काहीही मोजायचं नाही. नोंद ठेवायचीच तर वहीत दोन ओळी लिहाव्यात, अंतराच्या नाहीत, दिसलेल्या गोष्टींच्या: आज गुलमोहर फुलला, आज नल्लकुंट्याच्या चढावर पहिल्यांदा थांबावं लागलं नाही, आज पेपरवाल्याने हात केला. वर्षभराने ती वही चाळताना जे हाती लागतं ते कुठल्याही अ‍ॅपच्या आलेखात सापडत नाही.

पावसाळ्यात बूट भिजतात आणि ओल्या बुटांचा कंटाळा पायांच्या कंटाळ्याहून मोठा असतो. आल्या आल्या आतली गादी बाहेर काढावी, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे दोन्ही बुटांत टाचेपासून चवड्यापर्यंत गच्च कोंबावेत, तासाभराने ते ओले बोळे काढून नवे भरावेत. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवले तर डिंक सुटतो, म्हणून पंख्याखाली आडवे ठेवावेत. मंगळवारी सकाळी भिजलेला जोड गुरुवारच्या पहाटेला तयार असतो.